कायक वनस्पतींची खोली

माझा मामा दारू पितो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की तो कुठे पितो, कधी पितो आणि कुणाबरोबर पितो. पुरावा मात्र भक्कम होता. त्याचे हात थरथरायचे. चहाचा कप ओठांपर्यंत जाईतो निम्मा बशीत उतरलेला असायचा. जिना तो भिंतीला धरून उतरायचा. चार माणसांत बसला की मान खाली घालून बसायचा, कुणी साधं काही विचारलं तरी एकदम उसळायचा आणि लगेच ओशाळायचा. कामावरून आला की अंगाला स्पिरिटचा वास यायचा. विचारलं तर म्हणायचा, औषधाचा आहे. तसं औषध सगळेच म्हणतात. मामीने घराचा कोपरान् कोपरा धुंडाळला होता. माळा झाला, धान्याचे डबे झाले, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आतही बॅटरी मारून झाली. बाटली कधीच सापडली नाही. त्यावरून हा माणूस पीतच नसेल असं म्हणणारा एकही जण आमच्यात निघाला नाही. उलट, भलताच पोचलेला आहे, असं ठरलं.

मामा विद्यापीठाच्या वनस्पती विभागात होता. आई लोकांना सांगताना ‘भाऊ विद्यापीठात आहे’ एवढंच सांगायची आणि समोरच्याने पुढे काही विचारायच्या आत विषय बदलायची. कारण पुढचं उत्तर ‘शेवाळ चिकटवतो’ असं होतं. विभागातले शिपाईसुद्धा त्याला शेवाळशास्त्री म्हणायचे. तो हसायचा. त्याला ती पदवी वाटायची.

त्याची खोली तळमजल्यावर, बोळाच्या अगदी शेवटी होती आणि दारावर पाटी होती, ‘कायक वनस्पती’. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, हे काय असतं? मामा खुलला. म्हणाला, जुन्या शास्त्रज्ञांनी झाडापेडांचे गट पाडले तेव्हा फुलझाडांचा एक पाडला, नेच्यांचा एक पाडला, आणि मग असे पुष्कळ जीव उरले की त्यांचं काय करावं कुणाला कळेना. मूळ नाही, खोड नाही, पान नाही. नुसती काया. म्हणून ते कायक. डबक्यातलं शेवाळ त्यात, समुद्रातलं त्यात, ओंडक्यावरच्या अळंब्या, पावावरची बुरशी, खडकावरचं दगडफूल, इतकंच काय, डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही त्यातच. थोडक्यात, अंगात काय आहे यावरून नव्हे, तर काय नाही यावरून केलेला गट. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरात माणसांचे गट असेच करतात. न शिकलेले, न कमावणारे, लग्न न झालेले. मी या तिसऱ्या कपाटात आहे आणि इथे बरी हवा आहे.

मी जवळच्याच एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होते, त्यामुळे दुपारचा डबा घेऊन मामाकडे जायचे. त्याचं काम बघत बसणं मला आवडायचं. तो एक पसरट ट्रे पाण्याने भरायचा आणि त्यात शेवाळ सोडायचा. हातात घेतलं तर तो नुसता बुळबुळीत गोळा. पाण्यात सुटला की त्याच्या केसाएवढ्या फांद्या मोकळ्या व्हायच्या. मग खालून जाड कागद सरकवायचा, मऊ कुंचल्याने एकेक फांदी जागेवर आणायची आणि कागद अलगद वर उचलायचा. पाणी निथळून जायचं, शेवाळ कागदावर जसंच्या तसं बसायचं आणि वाळताना आपल्याच चिकाने चिकटायचं. या कामाला वारा चालत नाही. पंख्याची झुळूक लागली तरी ओल्या कागदाची कड उचलते आणि सकाळभराची मेहनत गोळा होऊन बसते. म्हणून खोलीच्या खिडक्या कायम बंद, पंखा बंद, दाराखालच्या फटीलासुद्धा जुनं कापड. उन्हाळ्यात आत जीव गुदमरायचा. मामाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्याला या कामावर घेतलं होतं ते त्याच्या हातामुळेच, हे सांगितलं तर आता कुणाला पटणार नाही. तरुणपणी तो एका घड्याळजीकडे उमेदवारी करत होता. विभागाचे तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते आपलं घड्याळ दुरुस्त करून घ्यायला आले आणि घड्याळाऐवजी दुरुस्त करणाऱ्याकडेच बघत बसले. दुसऱ्या आठवड्यात मामा या खोलीत होता. ‘असा हात मी कुणाचा पाहिला नाही,’ असं मोठे सर म्हणाले होते. हे वाक्य मामीनेही लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत चारचौघींत सांगितलं होतं.

मग एका वर्षी अळंब्यांच्या कपाटात किडे झाले. बारीक, तपकिरी. डबे उघडले तर आत नमुन्यांच्या जागी भुकटी. मोठ्या सरांनी ते स्वतः दूरदूर फिरून गोळा केलेले होते. त्यांना ते फार लागलं. त्यांनी हुकूम काढला की कायकांच्या खोलीतली एकही वस्तू यापुढे पाऱ्याच्या पाण्याशिवाय कपाटात जायची नाही. पाऱ्याचं पाणी म्हणजे पाऱ्यापासून केलेलं एक जहरी मीठ, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. फुलझाडांच्या विभागातही ते वापरत, पण ते लोक ट्रे उचलून उघड्या गच्चीवर नेत. त्यांच्या वाळक्या पानाफुलांचं वाऱ्याने काही बिघडत नव्हतं. मामाला वारा नको होता. तो ते काम आपल्या बंद खोलीतच करायचा, उघड्या हातांनी, कारण हातमोजे घातले की बोटांना फांदी कळत नाही. अळंबी असो, दगडफूल असो, शेवाळ असो, सगळे घोडे बारा टक्के. जुने कागदसुद्धा त्याने कपाटांतून काढून काढून पुन्हा माखले. त्याच टेबलाच्या कडेला कागद पसरून तो डबाही खायचा. उपाहारगृहात चार लोक बघतात, तिथे त्याला नको वाटायचं.

मोठे सर निवृत्त झाले, मग वारले. हुकूम राहिला. मामा हुकमाचा माणूस होता.

हात कधी थरथरायला लागले ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. आधी सही बदलली. मग दाढी करताना गाल कापायला लागला. कामाच्या वेळी तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून कुंचला चालवायचा आणि तासाभराचं काम त्याला दिवसभर पुरायचं. विसरायलाही लागला. भाजी आणायला जायचा आणि दुकानासमोर उभा राहून परत यायचा. मामीने आधी काळजी केली, मग संशय घेतला, मग खात्री करून घेतली. तिचे वडील पिण्यात गेले होते. थरथरणारा हात आणि ओशाळा चेहरा तिने लहानपणापासून पाहिलेला. ती कशाला दुसरं काही शोधत बसेल?

कळस झाला तो ताईच्या लग्नात. ताई म्हणजे मामाची एकुलती एक लेक. मामाने हौसेने सरबताच्या पेल्यांची थाळी स्वतः उचलली आणि सगळी विहिणीच्या अंगावर सांडली. मागे कुणीतरी हसून म्हणालं, ‘सकाळपासूनच का?’ मामा त्या माणसाच्या अंगावर धावून गेला, तिथे पाय अडखळून पडला, आणि मग बाहेर जाऊन एका उभ्या गाडीत दार लावून बसला. पाठवणीच्या वेळी ताईने त्याला शोधलं नाही.

ताईला मूल झालं तेव्हा मामी मदतीला म्हणून तिच्याकडे गेली ती परत आलीच नाही. मामा न्यायला गेला तेव्हा तिने दारातच सांगितलं, “दारू सोडा आणि मग या. त्या दिवशी मी काही न विचारता येईन.”

“अगं, मी घेतच नाही,” मामा म्हणाला.

“माझे वडीलही हेच म्हणायचे.”

आता यावर माणसाने करायचं काय? जे धरलंच नाही ते सोडायचं कसं? मामा सुट्टी आली की जायचा. बाहेरच्या खोलीत बसायचा, नातवाला खाऊ द्यायचा. मामी पाणी आणून द्यायची आणि विचारायची, सोडली का? मामा म्हणायचा, मी घेत नाही. ती आत निघून जायची. दर वेळी तो खरं बोलायचा आणि दर वेळी एकटा परत यायचा. घरी येऊन दिवा न लावता बसायचा. मला त्याचा राग यायचा, मामीचा यायचा, आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो मध्ये पडून ‘दोघांनी थोडं समजून घ्यायला हवं’ म्हणणाऱ्या माझ्या आईचा. यात थोडं समजून घेण्यासारखं काय होतं?

नातू शाळेत जायला लागला, मोठा झाला, आजोबा आले की आतल्या खोलीत जाऊन बसायला लागला. मामी ताईच्या घरी मागच्या लहान खोलीत राहायची. ताईची सासू बोलायला तिखट. मामी ऐकून घ्यायची. ‘मी तत्त्वासाठी इथे आहे,’ असं ती एकदा मला म्हणाली. तिच्या तोंडी तत्त्व हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

मग विभागात नव्या प्रमुख आल्या. वयाने ताईएवढ्या. त्या खोलीत आल्या तेव्हा मी डबा खात होते. मी उठायला लागले तर म्हणाल्या, बसा. मग मामाला म्हणाल्या, “काका, ही खोली आता मोडायची आहे.”

“छत गळतं म्हणून का? ते कोपऱ्यातच गळतं, बाई. मी कपाट सरकवलंय.”

“छतासाठी नाही. हा गटच आता नाही.”

मामाला काही कळेना. बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याला नीट समजावून सांगितलं; त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. बुरशी आणि अळंब्या या वनस्पती नाहीतच, म्हणाल्या. झाडांपेक्षा त्यांचं नातं प्राण्यांशी जवळचं. ते निळसर हिरवं शेवाळ जिवाणूंमध्ये जातं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचं घराणंच निराळं.

“आणि दगडफूल?” मामाने विचारलं.

“तो एक जीवच नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार आहे.”

मामा कपाटांकडे बघत राहिला. “मग इतकी वर्षं हे सगळे इथे एकत्र कसे काय होते?”

“वरवर सारखे दिसले म्हणून. मुळं कुणालाच नव्हती. पुस्तकांतून हा गट केव्हाच गेला, काका. आपल्या कपाटांतून जायचा राहिला होता.”

“मग मी कुठल्या कपाटात?” मामा म्हणाला आणि स्वतःच हसला. बाईही हसल्या. मला मात्र ते हसणं बघवलं नाही, कारण त्याच्या हातातला चमचा डब्यावर वाजत होता.

बोलता बोलता बाईंनी शेवाळाच्या कपाटातला एक जुना गठ्ठा काढला. वरचा कागद उलटला, दुसरा उलटला. कागदांच्या कडा करड्या-काळ्या पडल्या होत्या. त्यांनी वास घेतला आणि कागद लांब धरला.

“शेवाळाला हे औषध कुणी लावलं?”

“मी. सगळ्यांना लावलंय,” मामा अभिमानाने म्हणाला. “एकही सुटलेलं नाही.”

“पण शेवाळाला कशाला? या कागदांना कीड सहसा लागतच नाही. कीड अळंब्यांना लागते.”

“नियम आहे, बाई. मोठ्या सरांचा. कायकांना सगळ्यांना.”

“आणि हे तुम्ही इथेच करता? या खोलीत?”

“गच्चीवर वारा असतो. शेवाळाला वारा चालत नाही.”

बाईंनी बंद खिडक्यांकडे पाहिलं, दाराखालच्या कापडाकडे पाहिलं, टेबलावरच्या आमच्या डब्यांकडे पाहिलं आणि मग मामाच्या हातांकडे. त्या उठल्या आणि खिडकी उघडायला लागल्या. ती इतक्या वर्षांत उघडलेली नव्हती, दोन-तीनदा हिसका द्यावा लागला. वारा आत आला आणि ट्रेशेजारी वाळत घातलेला ओला कागद उलटून पडला. मामा ओरडला. इतक्या जोरात, की बोळातला शिपाई धावत आला. मग तो लगेच ओशाळून खाली बसला.

“काका, हात असे कधीपासून आहेत?” बाईंनी हळू आवाजात विचारलं.

मामाने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. “मी पीत नाही,” तो म्हणाला.

दारूचं नावही कुणी काढलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्याला दवाखान्यात पाठवलं. बरोबर मी गेले. दुसरं होतं कोण? रक्त झालं, लघवी झाली, डोळे मिटून नाकाला बोट लावून झालं, कागदावर गोल गोल वेटोळं काढून झालं. ते वेटोळं मी बघितलं आणि मला घड्याळजीच्या दुकानाची गोष्ट आठवून रडायला आलं. डॉक्टर साधा सरळ माणूस होता. म्हणाला, अंगात पारा भिनलाय. वर्षानुवर्षं हातातून आणि श्वासातून गेलाय. हे थरथरणं त्याचं, हे चिडणं त्याचं, हे लोकांना बुजणं, विसरणं, सगळं त्याचं. काम आजपासून बंद. थोडं कमी होईल, पूर्ण जाईल असं मी सांगत नाही.

“म्हणजे हे दारूने नाही,” मामा म्हणाला.

“दारूचा काय संबंध? पाऱ्याने आहे.”

“परत एकदा म्हणा.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “हे पाऱ्याने झालंय, दारूने नाही,” तो सावकाश म्हणाला. मामाने मला विचारलं, “ऐकलंस ना गं?” मी म्हटलं, ऐकलं. पायऱ्यांवर त्याने मला पुन्हा विचारलं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. औषध हवं होतं अळंब्यांना, आणि त्यांना वारा चालला असता. वारा नको होता शेवाळाला, आणि त्याला औषधाची गरज नव्हती. दोघांना वेगवेगळ्या खोल्या मिळाल्या असत्या तर माझ्या मामाचे हात आज जागेवर असते. पण दोघांना मुळं नव्हती, म्हणून ती एका गटात, म्हणून एका खोलीत, म्हणून एकाच नियमाखाली. चूक शोधायला गेलं तर नाव घेऊन शिवी देता येईल असा एक माणूस सापडत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

मामाला त्याचं काही नव्हतं. त्याला घाई झाली होती मामीकडे जायची. कारण तिकडची बातमी चांगली नव्हती. मामीचं हृदय थकलं होतं, ती अंथरुणाला खिळली होती आणि ताईला डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता आशा धरू नका. रविवारी आम्ही निघालो. बसमध्ये मामा खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होता. मी कान दिला तर डॉक्टरचं वाक्य पाठ करत होता. विसरेन म्हणून.

ताईने दार उघडलं आणि आम्हाला आधी स्वयंपाकघरात नेलं, कारण मामीला झोप लागली होती. मीच सगळं सांगितलं. ताई ओट्याला टेकून उभी होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ती बापाच्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, “हे आईला सांगायचं नाही.”

“का?” माझा आवाज चढला. “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही सगळ्यांनी. निदान आता तरी...”

“हळू बोल. ऐक माझं. आज आत जाऊन तिला काय सांगणार? की तुझा नवरा कधी प्यालाच नव्हता? मग ती इथे का होती इतकी वर्षं? त्या खोलीत, माझ्या सासूची बोलणी खात? कशासाठी होती ती इथे?”

“पण हे खरं आहे.”

“खरं आहे म्हणूनच म्हणते. खोटं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. खरं तिला कळेल, आणि मग तिच्याकडे आठ दिवस असतील नाहीतर पंधरा. त्या दिवसांत तिने एवढंच करायचं का? आपण काय केलं ते मोजत पडून राहायचं?”

“आणि मामाचं काय? त्याने कपाळावरचा शिक्का तसाच घेऊन फिरायचं?”

ताई त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “बाबा, मला माफ करा वगैरे मी आत्ता नाही म्हणू शकत. मला जमणार नाही. नंतर म्हणेन.”

“नको म्हणूस,” मामा म्हणाला. त्याला पटलं की नाही, कळलं तरी की नाही, मला समजेना. मी मनाशी ठरवलं होतं की हा नाही बोलला तर मी बोलणार.

आतून खोकल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही मागच्या खोलीत गेलो. मामी उशीला टेकवलेली होती, पार वाळून गेलेली, पण डोळे तेच. खोली एवढीशी, की पलंगाशेजारी एकच खुर्ची मावत होती. मामा त्या खुर्चीवर बसला आणि त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले.

मामीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बारीक झालात,” ती म्हणाली. मग थोडा दम घेऊन नेहमीचंच विचारलं, “दारू सोडली का?”

मी तोंड उघडलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस तो दुखत होता. मामाचे ओठ हलले. मला दिसत होतं, पाठ केलेलं वाक्य तो आठवत होता. पारा. पाऱ्याने झालंय. ते त्याला आठवलेलं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

“सोडली,” मामा म्हणाला.

मामीने डोळे मिटले. मला वाटलं दमली. तिने चादरीतून हात बाहेर काढला आणि खुर्चीकडे सरकवला. मामाने मांडीखालचा हात काढून तिच्या हातात दिला. तो थरथरतच होता.

“हात अजून हलतोय.”

“वेळ लागतो म्हणाले डॉक्टर.”

“लागणारच. माझ्या वडिलांना तर जमलंच नाही.” तिने तो हात दोन्ही हातांत धरला आणि छातीशी ओढला. “मी काय, सामान बांधूनच बसले होते. कधीही आला असतात तरी निघाले असते.” मग ती रागाने म्हणाली, अगदी घरातल्यासारख्या रागाने, “एवढा एक शब्द बोलायला इतकी वर्षं लावलीत?”

“हो,” मामा म्हणाला. “चुकलं माझं.”